बांधावरची राखण

नवी मुंबईत शनिवारी सकाळी दुकानाच्या शटरला, रिक्षाच्या पुढच्या भागाला आणि उरणच्या बंदराकडे निघालेल्या कंटेनरच्या तोंडाला एकच गोष्ट लटकताना दिसते: एक लिंबू, सात हिरव्या मिरच्या आणि तळाशी कोळसा किंवा बिब्बा. कुणालाही विचारा, उत्तर ठरलेले असते: ‘पूर्वापार चालत आलंय.’ पण हे ‘पूर्वापार’ म्हणजे नेमके किती जुने?

मिरचीचे वय आपल्याला बऱ्यापैकी ठाऊक आहे. मिरची मूळची अमेरिका खंडातली. कोलंबस तिकडे पोहोचला १४९२ साली आणि पोर्तुगीज जहाजांबरोबर ती आपल्या किनाऱ्यावर उतरली सोळाव्या शतकात. आपण तिला नाव दिले तेही जुन्या ओळखीच्या मिरीवरून. चरकसंहितेत ‘मरिच’ आहे. ती काळी मिरी, मिरची नव्हे. म्हणजे दारावरच्या त्या सात मिरच्यांची परंपरा कितीही ताणली तरी साडेचारशे-पाचशे वर्षांपलीकडे जात नाही. ज्ञानेश्वरांच्या काळात कुणी दाराला मिरची बांधलेली असणे शक्यच नाही.

मग मिरचीच्या आधी दारावर काय होते? या प्रश्नाने मला गेली काही वर्षे कामाला लावले आहे. मी वनस्पतिशास्त्राची पदवीधर नाही आणि संस्कृत शिकले तेही चाळिशीनंतर, घरी बसून. जे मिळाले ते ग्रंथालयांतून, जुन्या सरकारी छापील खंडांतून आणि करावे, दिवाळे, सारसोळे, घणसोली या गावांतल्या म्हाताऱ्या बायांशी बोलून. त्यातून हाती आलेले काही या लेखात मांडते.

ठसका, कडूपणा, काटा

आपल्याकडे दृष्ट काढण्याची जी पद्धत घरोघर दिसते, तिच्यात मीठ, मोहरी आणि सुक्या लाल मिरच्या मुलावरून ओवाळून निखाऱ्यावर टाकतात. ठसका उठला नाही तर दृष्ट ‘लागली होती’ असे समजतात. बोलताना मात्र आपण अजूनही ‘मीठ-मोहऱ्या ओवाळणे’ असेच म्हणतो. मिरचीला त्या शब्दप्रयोगात जागा नाही, कारण तो तिच्या आधीचा असावा, असे मला वाटते. मोहरीचे काम तडतडण्याचे आणि झोंबण्याचे होते. त्याच कामासाठी मिरची अधिक तिखट निघाली आणि तिला पंगतीत जागा मिळाली.

राखणीसाठी वापरलेल्या वनस्पतींची यादी केली की त्यांचे स्वभाव सारखे दिसू लागतात. कडुनिंब आणि कारीट कडू. वेखंड, लसूण, हिंग आणि निर्गुडी उग्र वासाची. रुईला चीक, धोत्र्यात विष, बिब्ब्यात जाळणारे तेल. खैर, बोर आणि निवडुंग काटेरी. यांतल्या बहुतेकांना गुरे तोंड लावत नाहीत. जे जनावर नाकारते, ते वाईटालाही परतवून लावेल, असा हा विचार असावा. वनस्पती बदलत राहिल्या, विचार टिकला. त्यामुळे परदेशातून आलेल्या मिरचीला इथे उपरे वाटले नाही.

या झाडांची दुसरी खूण त्यांच्या जागेची. यांतली कितीतरी झाडे वाफ्यात किंवा बागेत लावलेली नसतात. ती कडेला असतात: बांधावर, कुंपणात, ओढ्याच्या काठी, गावाच्या वेशीवर. वेशीवरच्या मारुतीला शनिवारी रुईच्या पानांची माळ घालतात, ती रुई बहुधा त्याच वेशीजवळ उगवलेली असे. राखणाऱ्या देवाची आणि राखणाऱ्या झाडाची जागा एकच, आतले आणि बाहेरचे जिथे भेटते तिथली.

आघाड्याची उलटी फळे

या सगळ्यांत सर्वांत लांबचा माग लागतो तो आघाड्याचा. पावसाळ्यात कुठल्याही मोकळ्या प्लॉटवर हे तण गुडघाभर वाढते. त्याच्या लांब तुऱ्यावरची फळे खाली तोंड करून चिकटलेली असतात आणि जवळून गेले की कपड्यांना धरतात.

संस्कृतात याला ‘अपामार्ग’ म्हणतात; पुसून टाकणारा, असा त्या शब्दाचा अर्थ लावतात. अथर्ववेदाच्या चौथ्या कांडात सतरा ते एकोणीस ही लागोपाठ तीन सूक्ते याच वनस्पतीला उद्देशून आहेत. शाप आणि दुसऱ्याने केलेली कृत्या परतवण्यासाठी तिथे तिला आवाहन आहे. सातव्या कांडातल्या एका सूक्तात तिला उलट्या फळांची म्हटले आहे आणि म्हणूनच शाप ज्याचा त्याच्याकडे उलटवण्याचे काम तिला दिले आहे. तुरा हातात घेऊन पाहिला की त्या विशेषणामागचे निरीक्षण किती नेमके आहे ते कळते. मंत्र रचणाऱ्याने झाड नीट पाहिले होते.

पुढे हीच वनस्पती दिवाळीत दिसते. पंढरपूरच्या काशिनाथ उपाध्यायांनी १७९० च्या सुमारास ‘धर्मसिंधु’ पूर्ण केला. नरकचतुर्दशीच्या अभ्यंगस्नानात अंगावरून आघाडा, भोपळा आणि टाकळा फिरवावा, असा विधी जुन्या ग्रंथांच्या आधाराने त्यांनी दिला आहे. टाकळाही असाच रस्त्याकडेचा. पावसाळ्याच्या सुरुवातीला त्याची भाजी आपण खातो.

कोकणात आणि गोव्यात या जागी कारीट आले. काकडीच्या कुळातले हे छोटे कडू फळ पावसात कुंपणावर वाढते आणि नेमके दिवाळीच्या तोंडावर तयार होते. पहाटे तुळशीपुढे डाव्या पायाने ते चिरडायचे, रस जिभेला लावायचा आणि नरकासुराचा वध झाला म्हणायचे. ग्रंथातल्या तीन वनस्पती एकीकडे आणि कुंपणावरचे कारीट दुसरीकडे. ग्रंथ काय सांगतो यापेक्षा त्या आठवड्यात दाराजवळ काय उगवलेले आहे, यावर विधी ठरत गेला.

आघाड्याचे तिसरे ठिकाण म्हणजे श्रावणी शुक्रवारची जिवती. जरा-जिवंतिकेचे चित्र असलेल्या त्या छापील कागदाला आघाडा, दुर्वा आणि फुलांची माळ घालून आई मुलांना ओवाळते. या बायांनी अथर्ववेद वाचलेला नव्हता, त्यातल्या अनेकींच्या आज्यांना तो ऐकण्याचाही अधिकार नव्हता. तरीही अनिष्टापासून राखायला आघाडाच त्यांच्या हाती आला. हे वरून खाली झिरपले, की मुळात लोकांचेच होते आणि मंत्रकाराने ते उचलले? मला दुसरी शक्यता अधिक जवळची वाटते. अथर्ववेदात घरगुती दुखण्या-भयांचा जो ऐवज आहे, तो यज्ञशाळेपेक्षा चुलीजवळचा आहे.

बाळंतिणीच्या दारातली पुरचुंडी

चरकसंहितेच्या शारीरस्थानातल्या आठव्या अध्यायात बाळंतिणीच्या खोलीच्या रक्षणाची तपशीलवार सूचना आहे. खोलीभोवती खैर, बोर अशा काटेरी झाडांच्या फांद्या ठेवाव्यात. मोहरी, जवस आणि तांदळाच्या कण्या विखुराव्यात. उंबऱ्याशी मुसळ आडवे ठेवावे. वेखंड, हिंग, मोहरी, लसूण वगैरेंची पुरचुंडी दाराच्या वरच्या चौकटीला टांगावी आणि तशीच आई-बाळाच्या गळ्यातही बांधावी.

मिरचीच्या आधी दारावर काय होते, याचे सर्वांत स्पष्ट उत्तर मला इथे मिळाले. दाराच्या वरच्या चौकटीला तिखट-उग्र वस्तू टांगण्याची चाल मिरचीपेक्षा शतकानुशतके जुनी आहे.

आपल्या घरांतही हे पूर्ण गेलेले नाही. बाळाच्या मनगटाला वेखंडाचा तुकडा बांधतात. ओवा, वावडिंग, बाळंतशेपा आणि लसणाच्या सालींची धुरी देतात. वेखंड पोथ्यांच्या आणि कपड्यांच्या कपाटातही ठेवत, कारण त्याच्या वासाने कीड दूर राहते. इथे भूत आणि कीटक यांच्यातली रेषा फार पुसट होते. ज्या खोलीत ताजी नाळ कापलेली आहे, त्या खोलीत माशा-किडे येऊ न देणे हेच बाळाला वाचवणे होते. त्या अदृश्य शत्रूला कुणी राक्षस म्हटले, कुणी ग्रह.

मात्र याच वेखंडातल्या एका घटकाच्या अपायामुळे अमेरिकेत १९६८ पासून ते खाद्यपदार्थांत वापरायला बंदी आहे. राखणीच्या या झाडांना दुहेरी धार असते आणि ती ओळखणे हा जुन्या ज्ञानाचा अर्धा भाग होता.

दर दिवाळीच्या सुमारास मोबाईलवर एक संदेश फिरतो: लिंबा-मिरचीतला रस दोऱ्यातून झिरपतो आणि दारातले कीटक मरतात, म्हणजे पूर्वज किती वैज्ञानिक होते! दोन दिवसांत वाळून कोळ होणारे एक लिंबू उघड्या रस्त्यावरच्या दुकानाचे काय रक्षण करणार? वेखंडाच्या बाबतीत जे खरे आहे, ते लिंबा-मिरचीला चिकटवून चालणार नाही. प्रत्येक वनस्पतीचा हिशोब वेगळा मांडायला हवा.

बिब्बा आणि कडुनिंब

दुहेरी धारेचे उत्तम उदाहरण बिब्बा. हे पानझडी जंगलातले झाड काजूचे भाऊबंद. फळाच्या सालीत काळे, दाहक तेल असते. कातडीला लागले तर फोड येतात, डाग राहतात. आत मात्र गोडंबी असते आणि ती बाळंतिणीच्या डिंकाच्या लाडवात पडते. धोबी याच तेलाने कपड्यांवर न जाणाऱ्या खुणा करीत. दुसऱ्या महायुद्धात भारतात आलेल्या गोऱ्या सैनिकांच्या अंगावर नेमके धोब्याच्या खुणेखाली फोड उठू लागले, तेव्हा डॉक्टरांनी ‘धोबी मार्क’ अशा नावानेच त्या त्वचारोगाची नोंद केली.

गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याने गोव्यात १५६३ साली छापलेल्या आपल्या औषधी-संवादांत बिब्ब्याला स्वतंत्र जागा दिली आहे. धोत्रा आणि निर्गुडीही तिथे आहेत. मुंबई बेट काही काळ याच ओर्ताकडे पट्ट्याने होते. आपल्या बांधावरच्या झाडांची छापील पुस्तकातली ही एक फार जुनी हजेरी.

वैदू बाया सुया-दाभणांबरोबर बिब्बेही दारोदार विकत. लहान मुलाच्या कमरेला काळ्या दोऱ्यात बिब्बा ओवत, दुखऱ्या सांध्यावर बिब्ब्याच्या फुल्या उठवत. भाषेत मात्र ‘बिब्बा घालणे’ म्हणजे जमलेल्या कामात विघ्न आणणे. जो राखतो, तोच बिघडवतो. हे ज्यांनी तो हाताळला त्यांना नीट माहीत होते.

कडुनिंबाचे काम वेगळे. घरात देवी आल्या की दाराला कडुनिंबाचे डहाळे लागत. आत भाजीला फोडणी नाही, पाहुणा-रावळा नाही. बाहेरच्याला तो डहाळा दिसला की तो दारातून मागे फिरे. उपचार म्हणून त्याचा किती गुण येत असेल तो असो, पण वाचता न येणाऱ्या गावात ती विलगीकरणाची पाटी होती. १९७७ साली भारत देवीमुक्त जाहीर झाला आणि ही पाटी उतरली. कडुनिंब आता पाडव्याच्या गुढीपुरता उरला.

लिहिणारे कोण होते?

या विषयावर लिहिलेले कमी नाही. पण प्रत्येक लिहिणाऱ्याचे आपले काम होते. वैद्याने औषध लिहिले, शास्त्र्याने विधी लिहिला. गोव्यातल्या इन्क्विझिशनने १७३६ च्या फर्मानात बंदी लिहिली: घरात, अंगणात, बागेत तुळस असू नये. अ. का. प्रियोळकरांनी हा सारा इतिहास १९६१ च्या आपल्या इंग्रजी ग्रंथात मांडला. एखादे रोप दारात असणे हा गुन्हा ठरवावा लागला, यावरून त्या रोपाची ताकद राज्यकर्त्यांनी मान्य केली होती असेच म्हणायचे.

इंग्रजांनी नोंदी केल्या. ठाणे जिल्ह्याचे गॅझेटियर १८८२ चे. त्या मालिकेचे संपादक जेम्स कॅम्बेल यांनी लोकांच्या भुताखेतांविषयीच्या समजुतींवर स्वतंत्र लेखन केले. नाशिकचे कलेक्टर जॅक्सन यांनी लोकसमजुतींची मोठी सामग्री जमवली. २१ डिसेंबर १९०९ रोजी अनंत कान्हेरे यांनी त्यांना गोळ्या घातल्या, त्यामुळे ती अर्धवट राहिली. पुढे एन्थोवेन यांनी ती सिद्ध केली. कोकणचा भाग १९१५ मध्ये आला आणि त्याच वाटेने १९२४ मध्ये ‘फोकलोअर ऑफ बॉम्बे’ हा ग्रंथ.

त्या कोकण-खंडात माहिती देणाऱ्याचा उल्लेख बहुतेक ‘अमुक गावचा शाळामास्तर’ असा येतो. दृष्ट काढणे, धुरी देणे, जिवती पुजणे ही बायकांची कामे आणि उत्तरे देणारे बहुतेक पुरुष. म्हणून ‘लोक असे मानतात’ हे भरपूर सापडते. पाला कुठल्या झाडाचा, कधी तोडायचा, कोवळा की जून, कुणी हात लावायचा नाही, हे क्वचित. बायकांचा आवाज पुस्तकात यायला सरोजिनी बाबरांच्या लोकसाहित्य समितीसारख्या कामांची वाट पाहावी लागली.

बांध गेला

ठाणे खाडीच्या या किनाऱ्यावर आगरी-कोळ्यांची भातशेती, मिठागरे आणि मासेमारी होती. भरतीचे पाणी अडवणारे खारबांध आणि गोड्या शेतांचे बांध यांच्या जाळ्यावर गाव उभे असे. निर्गुडी, एरंड, रुई, आघाडा, कारीट ही झाडे त्या गोड्या बांधांवरची आणि घराच्या वईतली. निर्गुडीचा पाला कणगीतल्या भातात किडीसाठी, बाळंतिणीच्या आंघोळीच्या पाण्यात आणि अमावास्येला दारात, असा तिहेरी वापर मला एकीहून अधिक गावांत ऐकायला मिळाला.

१९७० च्या मार्चमध्ये सिडको स्थापन झाली आणि ठाणे, पनवेल, उरण तालुक्यांतल्या ९५ गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी संपादित होऊ लागल्या. दराच्या आणि हक्काच्या लढ्यात १६ आणि १७ जानेवारी १९८४ रोजी जासई परिसरात पोलीस गोळीबारात पाच जण गेले. दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखालील त्या लढ्यातून पुढे साडेबारा टक्के भूखंडांची योजना आली.

जमिनीचा हिशोब झाला. जमीन संपादनात झाडे मोजतात ती आंबा, नारळ, चिंच अशी, उत्पन्नाची. कुंपणातल्या निर्गुडीला भाव नसतो. त्यामुळे ती कागदावर कुठेच नाही.

राखणीची गरज मात्र संपली नाही. उलट अपघाताची, धंद्याच्या मंदीची, शेजाऱ्याच्या नजरेची भीती शहरात वाढली. तिला उत्तर बाजाराने दिले. मुंबईचे घाऊक बाजार वाशी-तुर्भ्याला आले; लिंबू, मिरची, बिब्बा, वेखंड सगळे इथेच उतरते. सिग्नलला पोरे ओवलेली लिंबू-मिरची विकतात. हल्ली प्लास्टिकचीही मिळते, न वाळणारी. तिच्यात झोंबणारे काहीच नाही. आणि श्रावणात स्टेशनाबाहेर आघाड्याची जुडी पैसे देऊन घेणाऱ्या बाईच्या सोसायटीमागे तोच आघाडा रान माजवून उभा असतो.

ओळख आणि भीती

झाड संपलेले नाही, ओळख संपत आली आहे, असे मी म्हणते तेव्हा मला जुन्या काळाचे गोडवे गायचे नाहीत. नजर लागते असे मानले की ‘कोणाची’ हा प्रश्न येतोच. त्याचे उत्तर फार वेळा विधवा, वांझ ठरवलेली किंवा एकटी बाई असे निघाले आहे. डाकीण ठरवून मारहाण झाल्याच्या बातम्या आपण आजही वाचतो. डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात खून झाला, त्यानंतर वटहुकूम निघाला आणि त्या डिसेंबरात विधिमंडळाने जादूटोणाविरोधी कायदा संमत केला. कुणावर करणी केल्याचा ठपका ठेवून छळ करणे आणि साप-विंचू चावलेल्याला डॉक्टरकडे जाऊ न देता गंडा-दोरा करणे हे त्यात गुन्हे आहेत. दाराला लिंबू-मिरची बांधणे हा गुन्हा नाही. ही सीमा मला योग्य वाटते.

पण कायदा भीतीचा गैरवापर रोखू शकतो, ओळख जपू शकत नाही. बांधावरची बाई ज्या झाडाने दृष्ट काढायची, त्याचा औषधी उपयोगही तिला ठाऊक असे आणि विषही. धोत्र्याचे बी पोराच्या हाती लागू नये, बिब्ब्याला तेल लावल्याशिवाय हात लावू नये, हे ती त्याच दमात सांगे. बाजारातून दोऱ्यात ओवून आलेल्या वस्तूबरोबर यांतले काही येत नाही. येते ती फक्त भीती.

म्हणून मी आता नोंदवहीत प्रत्येक वनस्पतीसाठी पाच रकाने ठेवले आहेत: गावातले नाव, उगवायची जागा, कोण तोडत असे, कशासाठी, आणि काय करायचे नाही. विश्वास ठेवायचा की नाही हा प्रश्न त्यात नाही. वाचकांपैकी ज्यांच्या घरी कुणी म्हातारे माणूस आहे, त्यांनी या नरकचतुर्दशीला कारीट फोडून झाल्यावर हे पाच प्रश्न विचारावेत आणि उत्तर आले तसे, त्यांच्याच बोलीत लिहून घ्यावे. कारीट बाजारात मिळेल. ते आपल्या कुठल्या कुंपणावर वाढत होते, हे सांगणाऱ्या बाया आता सत्तरीच्या पुढे आहेत.